इंग्रजी वाचन-लेखनाचें साध्य

कोणत्याही विषयाच्या अध्यापनाचीं उद्दिष्टें मोजून दाखविणें आणि त्या अध्यापनाचें उद्दिष्ट ठरविणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. मोजणाराला कांहींच टाकावें लागत नाहीं. ठरविणाराला पुष्कळ टाकावें लागतें, आणि जें ठेवावयाचें त्याचा क्रम लावावा लागतो. मराठी मुलुखांत शाळांतून इंग्रजी शिकविलें जाऊं लागल्यास आतां दोनशें वर्षें होत आलीं. या अवधींत तें कितव्या इयत्तेपासून शिकवावें या प्रश्नावर जेवढा वाद झाला, त्याचा चौथा हिस्साहि तें कशाकरितां शिकवावें या प्रश्नाच्या वांट्यास आला नाहीं. जुन्या मुंबई राज्यांत कांहीं काळ इंग्रजीचा आरंभ आठवीपासून होई. महाराष्ट्र राज्य झाल्यावर तो पांचवीपासून होऊं लागला. आणि २००० सालीं, रामकृष्ण मोरे हे शिक्षणमंत्री असतांना, तो पहिलीवर आला. आरंभाची पायरी अशी खालीं खालीं सरकत आली. पण जिना कोठें जातो हें मात्र नीटसें सांगितलें गेलें नाहीं.

आतां तें सांगितलें गेलें आहे असें म्हणणारे आपल्यापुढें एक यादी ठेवतील. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेनें २०१७ सालीं पहिली ते आठवी या इयत्तांसाठीं ‘अध्ययन निष्पत्ति’ या नांवानें विषयवार साध्यें प्रसिद्ध केलीं, आणि बालभारतीच्या अलीकडच्या पुस्तकांतहि अशी यादी आरंभींच छापलेली आढळते. तिसरीच्या मुलानें योग्य उच्चार व विराम राखून मोठ्यानें वाचावें, लहानशा उताऱ्यांतील मुख्य कल्पना, तपशील आणि क्रम ओळखावा, स्वतःच्या अनुभवावर पांचसहा वाक्यें लिहावीं, साधा भूतकाळ व साधा वर्तमानकाळ यांतील भेद जाणावा. आठवीच्या विद्यार्थ्यानें अपरिचित शब्दाचा अर्थ संदर्भावरून काढावा, वाचलेल्या मजकुराची तुलना करून त्याचा आयुष्याशीं संबंध जोडावा, केवळ आनंदासाठींहि वाचावें, आणि आदि, मध्य व अंत असलेला सुसंगत परिच्छेद लिहावा, अशा धर्तीचीं हीं साध्यें आहेत.

या यादीला दोष देण्यापूर्वीं तिचा एक मोठा गुण मान्य केला पाहिजे. पूर्वीं अभ्यासक्रम म्हणजे वर्षाअखेर किती पाठ ‘पुरे करावयाचे’ याचा हिशेब असे. शिक्षकानें पुस्तक संपविलें कीं त्याचें कर्तव्य संपलें. विद्यार्थ्याच्या पदरांत काय पडलें याची विचारपूस परीक्षेवर सोपविलेली असे. नव्या यादीनें प्रश्नच बदलला. शिक्षकानें काय शिकविलें हें न विचारतां मुलाला काय करतां येतें हें ती विचारते. शिवाय प्रत्येक साध्य वेगळें घेतलें तर त्यांत आक्षेप घेण्याजोगें फारसें कांहीं नाहीं. आनंदासाठीं वाचावें, या विधानाशीं कोण भांडेल?

दोष आहे तो यादीच्या रचनेंत. तिच्यांत उच्चार, आशय, काळ, विरुद्धार्थी शब्द, कवितापठण, परिच्छेदलेखन हीं सारीं एका ओळींत, एकाच आसनावर बसविलेलीं आहेत. पाहुणे यावयाचे असतां बाजाराची यादी करणारी गृहिणी मीठ आणि वेलदोडे एकाखालीं एक लिहिते. परंतु पैसे कमी पडले तर काय आणावयाचें नाहीं हें तिच्या मनांत पक्कें असतें. शिक्षकाचे पैसे म्हणजे वर्गांतला वेळ, आणि तो नेहमींच कमी पडतो. अशा वेळीं काय सोडलें तरी चालेल आणि काय सोडलें तर सर्वच बुडेल, हें या यादींतून त्याला कळत नाहीं. मग तो स्वाभाविकच जें तपासावयास सोपें तें ठेवतो आणि जें अवघड तें सोडतो. विरुद्धार्थी शब्द राहतात, आशय जातो.

आश्चर्य असें कीं, हा क्रम याच परिषदेच्या विचारांत पूर्वीं स्पष्ट होता. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळीं इंग्रजीच्या अध्यापनाविषयीं जो भूमिकालेख तयार झाला, त्यांत द्वितीय भाषेचे हेतु दोनच सांगितले आहेत: मूल आपली भाषा जशी सहज आत्मसात करतें तशा रीतीनें येणारें प्राथमिक प्रभुत्व, हा पहिला, आणि पुढें साक्षरतेच्या द्वारें त्या भाषेला अमूर्त विचाराचें व ज्ञानार्जनाचें साधन बनविणें, हा दुसरा. दोन हेतु, आणि तेहि एकामागून एक! बारा वर्षांनंतरच्या यादींत या दोहोंचे तुकडे सांपडतात. पण त्यांना जोडणारा दोरा सांपडत नाहीं.

मागील पिढ्यांचीं उद्दिष्टें कशीहि असोत, तीं संदिग्ध नव्हतीं. राज्यकर्ते आणि रयत यांच्यामध्यें दुभाष्याचें काम करणारा वर्ग निर्माण व्हावा, हा मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणांतला हेतु आपल्याला कितीहि बोंचला तरी त्याचा अर्थ समजण्यास अडचण पडत नाहीं. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर मॅट्रिक्युलेशनची परीक्षा हेंच शाळेचें साध्य होऊन बसलें. त्या साध्याला अनुरूप साधनहि तयार झालें. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ही ज्या घरांत नव्हती असें शिकलेलें मराठी घर एके काळीं विरळाच होतें. मराठी वाक्याचें इंग्रजी करा आणि इंग्रजीचें मराठी करा, हा तिचा साधा नेम. तिनें मुलांना इंग्रजी बोलावयास शिकविलें नाहीं, आणि तिच्यांतील वाक्यें पुष्कळदां जगांत कोणी कोणाला न बोललेलीं अशीं असत. पण एक गोष्ट तिच्यांत कधींहि सुटली नाहीं: अर्थ. अर्थ कळल्याखेरीज तिच्यांत एक पाऊलहि पुढें टाकतां येत नसे.

त्या काळच्या इंग्रजी वाचनाचें उत्तम फळ कोणत्या झाडाला लागलें हें पाहण्याजोगें आहे. आगरकरांनीं ‘हॅम्लेट’ वाचलें आणि १८८३ सालीं ‘विकारविलसित’ मराठींत आणलें. देवलांनीं ‘ऑथेल्लो’वरून १८९० च्या सुमारास ‘झुंजारराव’ रचलें. इंग्रजी वाचावें आणि त्यानें आपली भाषा संपन्न करावी, हा त्या पिढीच्या थोर माणसांनीं स्वतः निवडलेला हेतु होता. सरकारनें तो त्यांच्यापुढें ठेविला नव्हता. तथापि आगरकर आणि देवल यांच्यावरून त्या शिक्षणाची किंमत करणें म्हणजे शिखरावरून डोंगराच्या पायथ्याची शेती पाहणें होय. जीं मुलें मॅट्रिकपर्यंत पोंचलीं नाहींत, तिसऱ्या-चौथ्या इंग्रजी यत्तेंतून ज्यांनीं शाळा सोडली, त्यांनीं आपल्याबरोबर काय नेलें?

हाच प्रश्न बंगालमध्यें एका इंग्रज शिक्षणाधिकाऱ्यानें विचारला. ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयांत काम करणाऱ्या मायकेल वेस्टनें १९२६ सालीं द्वैभाषिकतेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें विम्याच्या व्यवहारांतला एक शब्द शिक्षणांत आणला: सरेंडर व्हॅल्यू. विम्याचे हप्ते मध्येंच बंद पडले तर विमेदाराच्या हातीं जी रक्कम परत येते ती ही किंमत. वेस्टचें म्हणणें असें कीं, प्रत्येक शिक्षणक्रमाचीहि अशी किंमत असते, आणि इंग्रजीच्या शिक्षणक्रमाची ती जवळजवळ शून्य आहे. पुरा केला तर लाभ. अर्ध्यांत सोडला तर हप्ते बुडाले. आणि सोडणारेच संख्येनें अधिक! यासाठीं त्यानें वाचन हें पहिलें साध्य मानलें. अर्धवट बोलतां येणें किंवा अर्धवट लिहितां येणें यांचा उपयोग थोडा. पण थोडें वाचतां येऊं लागलें कीं शाळेबाहेरहि तें आपलें आपण वाढूं शकतें, असा त्याचा विचार. त्याप्रमाणें त्यानें मोजक्या शब्दांत लिहिलेलीं, नवा शब्द हळूहळू आणि ठराविक अंतरानें येऊं देणारीं वाचनमालेचीं पुस्तकें तयार केलीं. पुढें १९५३ सालीं प्रसिद्ध झालेली सुमारें दोन हजार नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची त्याची यादी या विषयांत प्रमाण मानली गेली.

वेस्टचें माप मला फार मोलाचें वाटतें. पण त्याचें उत्तर जसेंच्या तसें घेतां येत नाहीं. वाचन आधीं आणि बोलणें मागाहून, हा त्याचा क्रम प्रौढ विद्यार्थ्यास कदाचित् मानवेल. पहिलीच्या मुलास मानवणार नाहीं. याचें कारण वाचनाच्या स्वरूपांतच आहे. गफ आणि टनमर या दोन संशोधकांनीं १९८६ सालीं तें मोठ्या सोप्या सूत्रांत मांडलें. वाचून समजणें हा अक्षरें उलगडण्याची शक्ति आणि भाषा ऐकून समजण्याची शक्ति यांचा गुणाकार आहे, असें ते म्हणतात. ही बेरीज नव्हे, हें लक्षांत ठेवावें. गुणाकारांत एक अंक शून्य असला कीं दुसरा कितीहि मोठा असून उत्तर शून्यच येतें. इंग्लंडांत २०१२ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांची ध्वनिवाचनाची एक परीक्षा घेतात. तिच्यांत चाळीस शब्द असतात आणि त्यांतले वीस तर अर्थहीन, बनविलेले असतात. मुलाला अक्षरांवरून ध्वनि काढतां येतो कीं नाहीं एवढेंच तेथें पाहावयाचें असतें. तेथील पुष्कळ मुलांच्या बाबतींत हें चालून जातें. कारण घरीं, रस्त्यावर, खेळांत ऐकलेली भाषा त्यांच्या कानांत आधींच भरलेली असते, आणि अक्षरांतून ध्वनि निघाला कीं अर्थ आपल्या पायांनीं चालत येतो.

आपल्याकडे याच्या अगदीं उलट आहे. मराठी शाळेंतल्या मुलाच्या कानांत इंग्रजी नसतें. म्हणून ध्वनि निघाला तरी त्याच्या मागून कोणीच येत नाहीं. त्यांत अक्षरांची अडचण निराळीच. देवनागरींत जें लिहिलें तें बहुधा तसेंच वाचावयाचें असतें. त्या शिस्तींत वाढलेल्या मुलाला बी-यू-टी ‘बट’ झाल्यावर पी-यू-टी ‘पुट’ कां व्हावें, याचें उत्तर कोणी देत नाहीं. मग तें पाठांतराकडे वळतें. डी-ओ-जी डॉग, डॉग म्हणजे कुत्रा, हा वर्गावर्गांतून ऐकूं येणारा घोष याच पाठांतराचा. त्याची थट्टा करणें सोपें आहे. पण त्यांतला ‘म्हणजे’ हा शब्द विसरूं नये. तो जुना मास्तर निदान अर्थाचें ऋण मान्य करीत होता. अलीकडे ध्वनिवाचनाच्या नांवाखालीं आधीं ‘म्हणजे’ गाळला जातो, आणि त्याच्या जागीं ऐकलेली, बोललेली, अनुभवलेली भाषा ठेवावयाची मात्र राहून जाते. परदेशांतील साधन आणलें. तें ज्या जमिनीवर उभें होतें ती आणतां आली नाहीं.

परिणाम आंकड्यांत दिसतो. ‘असर’ या नांवाची ग्रामीण भारताची जी शैक्षणिक पाहणी होते, तिच्यांत मुलापुढें आधीं मोठीं व लहान इंग्रजी अक्षरें, मग साधे शब्द, मग सोपीं वाक्यें ठेवतात. आणि जें वाचतां आलें त्याचा अर्थ त्याला वेगळा विचारतात. २०२२ च्या पाहणींत सोपीं इंग्रजी वाक्यें वाचूं शकणारीं मुलें पांचवींत २४.५ टक्के आणि आठवींत ४६.७ टक्के आढळलीं. २०१६ सालीं हेच आंकडे २४.७ आणि ४५.३ होते. म्हणजे जी यादी २०१७ सालीं आली तिच्या आधीं आणि नंतर चित्र जवळजवळ तेंच. मध्यंतरीं साथीच्या रोगानें शाळा बंद होत्या हें खरें; म्हणून यादीच्या माथीं सर्व अपयश मारणें अन्याय होईल. परंतु शिक्षणाच्या हक्काचा कायदा ज्या आठवीपर्यंत हात धरतो, तेथें पोंचलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना एक सोपें इंग्रजी वाक्य वाचतां येत नाहीं, आणि त्याच इयत्तेपुढें तुलना, समीक्षा व संदर्भावरून अर्थनिष्पत्ति हीं साध्यें ठेविलेलीं आहेत, या विसंगतीकडे डोळेझांक कशी करावी? वेस्टच्या मापानें मोजलें तर या मुलांचे हप्ते बुडाले आहेत.

लेखनाची स्थिति याहून शोचनीय आहे. कारण वाचनांतलें अपयश निदान उघड दिसतें, लेखनांतलें झांकलें जातें. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत पत्र असतें, संवाद असतो, तक्त्यावरून परिच्छेद आणि परिच्छेदावरून तक्ता असतो. प्रश्नांचे हे प्रकार स्वतः वाईट नाहींत. पण प्रकार ठरला कीं त्याचा सांचा ठरतो. सांचा ठरला कीं गाईड निघतें. आणि गाईड निघालें कीं विद्यार्थ्याला लिहिण्याची गरज उरत नाहीं, आठवण्याची उरते. जी सहल झालीच नाहीं तिचें वर्णन आणि जो मित्र नाहींच त्याला अभिनंदनाचें पत्र, हीं शुद्ध इंग्रजींत पाठ करून उतरविलीं जातात, आणि लेखनाचें साध्य गांठलें गेलें अशी नोंद होते.

समजा, एका मुलानें असें एक निर्दोष पत्र पाठ करून लिहिलें. आणि दुसऱ्या एका मुलीनें, आदल्या दिवशीं गोठ्यांत काय घडलें तें सांगतांना, ‘यस्टरडे माय काऊ गिव्ह बेबी’ एवढेंच लिहिलें. काळ चुकला, क्रियापद चुकलें, शब्दहि चुकला. पण तिची गाय व्याली ही बातमी आपल्याला पोंचली! लेखन म्हणजे जें दुसऱ्याला ठाऊक नाहीं तें त्याला कळविणें, ही व्याख्या मान्य असेल तर त्या दोघांत लिहिलें फक्त एकीनें. तिचें व्याकरण उद्यां सुधारतां येईल. कारण सुधारण्यासाठीं तेथें कांहीं आहे. त्या पत्रांत सुधारण्यासारखें कांहीं नाहीं, आणि वाढण्यासारखेंहि कांहीं नाहीं. आपली गुणदानाची पद्धति या दोघांपैकीं कोणाला वर बसवील हें सांगावयास नको. स्वतःच्या अनुभवावर पांचसहा वाक्यें लिहावीं हें यादींतलें साध्य खरोखर सुंदर आहे. परंतु परीक्षेंत अनुभवाला गुण नाहींत, वाक्याच्या शुद्धतेला आहेत, तोंपर्यंत तें कागदावरच राहणार.

मग क्रम कोणता असावा? पहिल्या चारपांच वर्षांत कान तयार व्हावा. शिक्षकानें वाचून दाखविलेली गोष्ट समजणें, वर्गांतल्या साध्या सूचना समजणें, आणि जें ऐकून समजतें तेवढेंच डोळ्यांनीं वाचतां येणें, एवढें एकच साध्य या काळासाठीं पुरे. लेखन म्हणजे स्वतः बोललेलें एखादें वाक्य कागदावर उतरविणें. आठवीअखेर मुलाच्या हातीं वेस्टची ती परत मिळणारी किंमत पडली पाहिजे: परिचित शब्दांत लिहिलेलें, पूर्वीं न पाहिलेलें एक पान त्यानें कोणाच्या मदतीशिवाय वाचावें आणि त्याचा आशय खुशाल मराठींत सांगावा. औषधाच्या बाटलीवरची सूचना, अर्जाचा नमुना, एखादी छोटी गोष्ट, असें तें पान असावें. उत्तर मराठींत चालेल म्हटलें कीं कित्येकांच्या कपाळाला आंठी पडेल. परंतु आशय समजला कीं नाहीं हें पाहावयाचें असतां उत्तराच्या इंग्रजीची परीक्षा त्यांत मिसळणें म्हणजे ताप मोजतांना रोग्याची उंची लिहून घेणें होय. लेखनांत आठदहा खरीं वाक्यें यावीं, खरीं म्हणजे त्याचीं स्वतःचीं. शुद्धता, शैली, समीक्षा आणि साहित्याचा आस्वाद हीं यानंतरचीं साध्यें. नववी-दहावींत तीं अवश्य यावींत, पण त्यांच्याखालीं पाया आहे हें पाहून.

यावर असा आक्षेप येईल कीं, हीं साध्यें फार खुजीं आहेत. श्रीमंतांचीं मुलें पुढें जातील आणि मराठी शाळेंतलीं मुलें बाटलीवरची सूचना वाचीत बसतील. आक्षेपामागची तळमळ खरी आहे. मराठी शाळा सोडून मुलांना इंग्रजी माध्यमांत घालणाऱ्या आईबापांच्या मनांत हीच भीति असते. परंतु ज्या घरांत इंग्रजी पुस्तकें आहेत, वडीलमाणसें इंग्रजी वाचतात, त्या घरचें मूल यादींतलीं निम्मीं साध्यें शाळेच्या दारांत पाऊल टाकण्यापूर्वींच घेऊन येतें. क्रमहीन यादीनें त्याचें कांहीं बिघडत नाहीं. बिघडतें तें ज्याला इंग्रजी केवळ शाळेंतच मिळणार त्याचें. यादी जितकी लांब आणि जितकी सपाट, तितकी ती शाळेपेक्षां घराचीच परीक्षा घेते. तेव्हां मोठीं साध्यें सर्वांपुढें ठेवून समता साधत नाहीं. एक साध्य सर्वांच्या हातीं देऊन ती साधते.

आणि तें साध्य खुजें तरी कसें म्हणावें? परक्या भाषेचें एक नवें पान आपलें आपण वाचून समजणें, ही जिच्या बळावर आगरकर ‘हॅम्लेट’पर्यंत गेले तीच शक्ति आहे, फरक पानाचा आहे, क्रियेचा नाहीं. ही क्रिया ज्याला एकदां साधली त्याला पुढचें पान शाळेनें दिलें नाहीं तरी तो मिळवील. ज्याला साधली नाहीं त्याच्यापुढें शंभर साध्यांची यादी ठेवली, तरी ती यादीहि त्याला वाचतां यावयाची नाहीं.